बारा पेन्सांची हजेरी: पहिल्या एलिझाबेथचे धर्माचे कायदे आणि फादर स्टीफन्स

फादर स्टीफन्सचं नाव आपल्यातल्या बऱ्याच जणांनी शाळेत ऐकलेलं असतं. क्रिस्तपुराण लिहिणारा इंग्रज पाद्री, मराठीला रत्नांमधल्या हिऱ्याची उपमा देणारा, एवढं. मलाही तेवढंच माहीत होतं. पण कॉलेजात असताना एक साधा प्रश्न पडला आणि तो डोक्यातून जाईचना, की हा माणूस इंग्लंडचा, मग तो १५७९ मध्ये पोर्तुगीजांच्या जहाजातून गोव्यात कसा काय उतरला? ईस्ट इंडिया कंपनी १६०० ची, म्हणजे ती अजून जन्मालाही आली नव्हती, इंग्रजांचा हिंदुस्थानशी व्यापार नव्हता, आणि हा माणूस आला तो कायमचाच आला, चाळीस वर्षं गोव्यातल्या साष्टीत राहिला आणि परत घरी गेलाच नाही. का?

शोधत गेले तेव्हा कळलं की या गोष्टीचं मूळ लंडनच्या पार्लमेंटमध्ये १५५९ साली पास झालेल्या दोन कायद्यांत आहे. हे कायदे आणि त्यांच्यामागून आलेले आणखी चार-पाच कायदे नीट समजून घेतले तर त्या काळातलं इंग्लंड कळतं, आणि सरकारने माणसाच्या श्रद्धेची हजेरी घ्यायला सुरुवात केली की पुढे काय काय होत जातं तेही कळतं. मला जेवढं समजलंय ते सोपं करून सांगते.

आधी थोडं मागे जायला लागेल. समजा एक शेतकरी आहे, जन्म १५२५ चा, इंग्लंडमधल्या कुठल्या तरी खेड्यातला. तो नऊ वर्षांचा असताना राजा आठवा हेन्री जाहीर करतो की इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख पोप नाही, मी. हे १५३४ चं. हेन्रीने पोपला बाजूला केलं पण पूजाविधी बराचसा जुनाच, लॅटिनच ठेवला. मग हेन्रीचा लहान मुलगा सहावा एडवर्ड गादीवर आला आणि १५४९ मध्ये प्रार्थना इंग्रजीत झाली, मूर्ती गेल्या, भिंतींवरच्या चित्रांवर चुना फासला गेला, दगडी वेदीच्या जागी लाकडी टेबल आलं. आपला शेतकरी तेव्हा चोवीस वर्षांचा. तो अठ्ठावीस वर्षांचा होईतो एडवर्ड वारतो, मोठी बहीण मेरी येते, ती कट्टर कॅथलिक, म्हणजे पोपला मानणारी, ती सगळं परत पूर्वीसारखं करते, पोपही परत, लॅटिन मिस्सा, म्हणजे प्रसादाचा जुना पूजाविधी, तोही परत, आणि प्रोटेस्टंट, म्हणजे पोपला न मानणारं नवं मत न सोडणाऱ्या सुमारे २८० लोकांना तिच्या पाच वर्षांच्या राज्यात जिवंत जाळलं जातं. मग १७ नोव्हेंबर १५५८ ला मेरी जाते, पंचवीस वर्षांची एलिझाबेथ राणी होते आणि चाक पुन्हा उलटं फिरतं. म्हणजे एकाच माणसाने, एकाच गावात, एकाच चर्चमध्ये, पस्तिशी गाठायच्या आत चार वेळा देवाचे नियम बदललेले पाहिले, आणि प्रत्येक वेळी ते वरून बदलले, त्याला कुणी विचारलं नाही.

एलिझाबेथ प्रोटेस्टंट का होती? तिचं शिक्षण त्या वळणाचं होतं हे खरंच, पण त्यात तिच्या हक्काचाही प्रश्न होता. तिची आई अ‍ॅन बोलिन, जिच्याशी लग्न करायला हेन्रीने पोपशी संबंध तोडला. आता पोपच्या हिशोबाने हेन्रीचं पहिलं लग्न मोडलेलंच नव्हतं, म्हणजे अ‍ॅनशी झालेलं लग्न लग्नच नव्हे, म्हणजे एलिझाबेथ अनौरस, म्हणजे गादीवर तिचा हक्कच नाही. पोपचा अधिकार मान्य करणं म्हणजे स्वतःच्या पायाखालची जमीन काढून देणं होतं. पुढच्या सगळ्या कायद्यांत धर्म आणि राजनिष्ठा या दोन गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतलेल्या का दिसतात, ते इथे आहे.

१५५९ च्या दोन कायद्यांपैकी पहिला सुप्रीमसीचा. राणी ही चर्च ऑफ इंग्लंडची सर्वोच्च गव्हर्नर. वडील स्वतःला हेड म्हणवायचे, हिने तो शब्द सोडून दिला, कारण कॅथलिकांना तर तो खटकायचाच पण कित्येक प्रोटेस्टंटांनाही वाटायचं की चर्चचा शिर एकच, ख्रिस्त, आणि त्यात बाईने ते पद घ्यावं हे त्या काळाला अजूनच पचत नव्हतं. तर गव्हर्नर. आणि हे मान्य आहे अशी शपथ बिशपांनी, पाद्र्यांनी, न्यायाधीशांनी, महापौरांनी, सरकारी नोकरांनी, एवढंच काय युनिव्हर्सिटीची डिग्री घेणाऱ्यांनीही घ्यायची. नाही घेतली तर पद गेलं. आणि कुणी उघडपणे पोपचा अधिकार मांडत राहिला तर पहिल्या वेळी मालमत्ता जप्त, दुसऱ्या वेळी जन्मठेप, तिसऱ्या वेळी राजद्रोह. मेरीच्या काळातल्या बिशपांपैकी एकाने, लँडाफच्या बिशपने, शपथ घेतली, बाकी सगळ्यांनी नकार दिला आणि पदं गमावली. मला हे वाचताना आश्चर्य वाटलं होतं, कारण हेन्रीच्या वेळी जवळजवळ सगळे बिशप मान तुकवून मोकळे झाले होते.

दुसरा कायदा युनिफॉर्मिटीचा, म्हणजे सगळीकडे पूजाविधी एकसारखाच पाहिजे. हा कायदा हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये फक्त तीन मतांनी पास झाला, एवढी ओढाताण होती. त्यात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे २४ जून १५५९ पासून देशातल्या प्रत्येक चर्चमध्ये बुक ऑफ कॉमन प्रेअर हेच पुस्तक वापरायचं, दुसरं काही नाही. पाद्र्याने ऐकलं नाही तर पहिल्या वेळी वर्षभराचं उत्पन्न आणि सहा महिने तुरुंग, आणि तिसऱ्या वेळेपर्यंत गेलं तर जन्मठेप. दुसरी गोष्ट सामान्य माणसासाठी. दर रविवारी आणि ठरलेल्या सणांना प्रत्येकाने आपापल्या पॅरिशच्या, म्हणजे आपल्या गावाच्या किंवा वस्तीच्या, चर्चमध्ये हजर राहायचं. सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिलं तर दर वेळी बारा पेन्स दंड. हा दंड चर्चवॉर्डनने वसूल करायचा आणि तो त्याच पॅरिशमधल्या गरिबांसाठी वापरायचा.

बारा पेन्स म्हणजे एक शिलिंग. साध्या मजुराची एक-दोन दिवसांची मजुरी. एखाद्या वेळेला परवडेल, पण महिन्याचे चार रविवार धरले तर गरीब घराला तो परवडणारा नव्हता, आणि जमीनदाराला त्याची काही फिकीरही नव्हती.

आता जरा नीट बघा, कायदा नक्की काय मागत होता? कायदा म्हणत होता की या, बसा, प्रार्थना चालू असेल तोपर्यंत शांतपणे थांबा. तुमच्या मनात काय आहे ते विचारलेलं नव्हतं. फ्रान्सिस बेकनने पुढे राणीबद्दल लिहिलं की माणसांच्या मनात खिडक्या पाडून आत डोकावणं तिला आवडत नसे. हे वाक्य फार प्रसिद्ध आहे आणि त्यात तथ्य आहे. प्रार्थनेचं पुस्तक तयार करताना पोपविरुद्धची शिव्याशापवजा ओळ तिने काढून टाकायला लावली. प्रसाद देताना पाद्र्याने काय म्हणायचं, ही भाकरी म्हणजे ख्रिस्ताचं शरीरच की फक्त त्याची आठवण, यावरून युरोपभर माणसं एकमेकांचे जीव घेत होती, तर एलिझाबेथच्या पुस्तकात दोन्ही पद्धतींची वाक्यं एकापुढे एक जोडून टाकली, ज्याला जो अर्थ घ्यायचा तो त्याने घ्यावा. आणि १५७१ मध्ये पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांनी असं बिल पास केलं की नुसती हजेरी नको, वर्षातून ठराविक वेळा प्रसादही घ्यायलाच हवा, तर राणीने त्यावर सही केली नाही. कारण प्रसाद घेणं म्हणजे मनातून मान्य करणं. तिथपर्यंत जायला ती तयार नव्हती. १५६३ मध्ये असाच अजून एक कायदा झाला होता, शपथेला दुसऱ्यांदा नकार देणाऱ्याला सरळ मृत्युदंड, तेव्हाही तिने आर्चबिशप पार्करला कळवलं की कुणालाही दुसऱ्यांदा शपथ विचारायला जाऊ नका.

त्यामुळे पहिली दहा वर्षं बरीच सैल गेली. चर्चवॉर्डन म्हणजे काही पोलीस नव्हे, तो त्याच गावातला माणूस, वर्षभरासाठी नेमलेला, ज्याच्या नावावर दंड लावायचा तो त्याचा शेजारी, कधी त्याचा जमीनमालक, कधी सोयरा. कोण कुणाच्या विरुद्ध नाव लिहून देणार? त्यातून एक मोठा वर्ग तयार झाला ज्याला पुढे चर्च-पॅपिस्ट म्हणायला लागले, म्हणजे मनाने कॅथलिक पण रविवारी चर्चमध्ये जाऊन बसणारे. मागच्या बाकावर बसायचं, तोंडातल्या तोंडात लॅटिन पुटपुटायचं, एक जण तर प्रवचन ऐकू येऊ नये म्हणून कानात लोकर कोंबून बसायचा असं सांगतात. घराघरांत अशी वाटणी व्हायची की नवरा चर्चला जाणार आणि बायको घरी राहणार. कारण दंड नवऱ्याला परवडायचा नाही, आणि लग्न झालेल्या बाईच्या नावावर कायद्याने काही मालमत्ताच नसायची, मग तिच्याकडून वसूल काय करणार? बायका कायद्यातल्या या फटीत उभ्या राहिल्या आणि त्यांनी मुलांना जुन्या प्रार्थना शिकवल्या. माझ्या मते इंग्लंडमध्ये कॅथलिक धर्म टिकला तो आधी या बायकांमुळे, पाद्र्यांचं काम त्याच्या नंतरचं.

मग सगळं बिघडलं कधी? १५६९ मध्ये उत्तरेतल्या कॅथलिक सरदारांनी बंड केलं, ते मोडलं गेलं. लगेच २५ फेब्रुवारी १५७० ला पोप पाचव्या पायसने फर्मान काढलं की एलिझाबेथ पाखंडी आहे, तिचा गादीवर हक्क नाही आणि तिच्या प्रजेने तिची आज्ञा पाळायची गरज नाही, पाळली तर बहिष्कार. त्या फर्मानाची प्रत लंडनच्या बिशपच्या वाड्याच्या दारावर रातोरात चिकटवली गेली, ते चिकटवणाऱ्या जॉन फेल्टनला फाशी झाली. या फर्मानाने सर्वात जास्त नुकसान कुणाचं केलं असेल तर इंग्लंडमधल्या साध्या कॅथलिकांचं. कालपर्यंत तो म्हणू शकत होता की मी पोपला मानतो आणि राणीलाही मानतो. आता पोपच म्हणाला की दोन्ही जमणार नाही, आणि राणीचे मंत्री म्हणाले की बघा, आम्ही तेच सांगत होतो.

१५७१ ला लागोपाठ कायदे आले. राणीला पाखंडी म्हणणं राजद्रोह, पोपचं फर्मान देशात आणणं राजद्रोह, परवान्याशिवाय देश सोडून जाऊन सहा महिन्यांत परत न येणाऱ्याची मालमत्ता जप्त. दुसऱ्या बाजूला विल्यम अ‍ॅलनने १५६८ मध्ये दुए इथे, म्हणजे समुद्रापलीकडे, इंग्लिश मुलांसाठी सेमिनरी, म्हणजे पाद्री घडवणारी शाळा, काढली होती, कारण इंग्लंडमधले जुने पाद्री म्हातारे होऊन मरत चालले होते आणि नवे घडवायला देशात जागाच नव्हती. तिथून तयार झालेले तरुण पाद्री १५७४ पासून गुपचूप परत यायला लागले. व्यापाऱ्याच्या, सैनिकाच्या, नोकराच्या वेशात. ते घराघरांत मिस्सा करायचे आणि एक गोष्ट ठासून सांगायचे की चर्चला जाऊन नुसतं बसणं हेही पाप आहे, जाऊ नका. म्हणजे मधली जी मोकळी जागा होती, शरीर चर्चमध्ये आणि मन घरी, ती आता दोन्ही बाजूंनी बंद व्हायला लागली. जे जायचेच नाहीत त्यांना रेक्युझंट म्हणायचे, लॅटिनमध्ये नाकारणे या अर्थाचा शब्द आहे त्यावरून. १५७७ मध्ये सरकारने बिशपांकडून अशा लोकांच्या याद्या मागवल्या तर दीड हजाराच्या आसपास नावं आली, खरे किती तरी जास्त असणार. त्याच वर्षी कॉर्नवॉलमध्ये कथबर्ट मेन या पाद्र्याला मारलं, सेमिनरीतून आलेल्यांपैकी तो पहिला.

१५८० मध्ये जेझुइट, म्हणजे कॅथलिक धर्मप्रचारकांच्या एका संघाचे पाद्री, आले, एडमंड कँपियन आणि रॉबर्ट पर्सन्स. कँपियन हा ऑक्सफर्डचा गाजलेला विद्वान, तरुणपणी राणीसमोर भाषण केलेला. आणि १५८१ च्या कायद्याने दंड कुठून कुठे गेला बघा. चर्चला न जाण्याबद्दल महिन्याला वीस पाउंड. एक पाउंड म्हणजे २४० पेन्स, म्हणजे वीस पाउंडांचे ४८०० पेन्स, कुठे चार आठवड्यांचे अठ्ठेचाळीस पेन्स आणि कुठे हे. शंभर पट. त्यात महिना धरला अठ्ठावीस दिवसांचा, म्हणजे वर्षाचे तेरा महिने, वर्षाला २६० पाउंड. खेड्यातल्या कितीतरी पाद्र्यांचं अख्ख्या वर्षाचं उत्पन्नही वीस पाउंड नव्हतं. मिस्सा ऐकली तर शंभर मार्क दंड आणि वर्षभर तुरुंग, मार्क म्हणजे पाउंडाचा दोन तृतीयांश. आणि कुणाला राणीच्या आज्ञेतून काढून पोपच्या बाजूला वळवणं म्हणजे सरळ राजद्रोह. कँपियन जुलैत एका घरातल्या भिंतीमागच्या लपायच्या जागेत सापडला, लंडनच्या टॉवर या किल्ल्यात त्याचे हाल केले, आणि १ डिसेंबर १५८१ ला टायबर्नला, म्हणजे लंडनच्या फाशीच्या जागी, त्याला राजद्रोही म्हणून मारलं.

हा दंड भरण्याची ऐपत फार थोड्यांची होती. नॉर्दँप्टनशरचा सर टॉमस ट्रेशम त्यांच्यातला एक. त्याने आयुष्यभरात जवळजवळ आठ हजार पाउंड भरले आणि मधली बरीच वर्षं कैदेत किंवा नजरकैदेत काढली. सुटून आल्यावर त्याने रश्टनला आपल्या जमिनीवर एक लहानशी इमारत बांधली, ती अजून उभी आहे. तिला भिंती तीन, मजले तीन, प्रत्येक बाजूला खिडक्या तीन-तीनच्या हिशोबात, म्हणजे पिता, पुत्र, पवित्र आत्मा हे त्रैक्य. बोलायला बंदी होती म्हणून माणसाने दगडात बोलून घेतलं. मी फक्त फोटो पाहिलेत पण फोटो पाहूनसुद्धा गलबलून येतं. ज्यांना भरता येत नव्हता त्यांच्यासाठी पुढच्या कायद्याने सोय केली, दंड थकला तर जमिनीचा दोन तृतीयांश भाग सरकारजमा.

१५८५ चा कायदा या सगळ्यात कडक. १५५९ नंतर परदेशात दीक्षा घेतलेला कुठलाही इंग्रज पाद्री किंवा जेझुइट, त्याने चाळीस दिवसांत देश सोडायचा, नंतर तो इंग्लंडच्या मातीवर सापडला तर तेवढ्यानेच राजद्रोह. त्याने कट केला का, कुणाला भडकवलं का, काही सिद्ध करायची गरज नाही. तो आहे, एवढा पुरावा बस झाला. आणि त्याला घरात आसरा देणाऱ्यालाही मृत्युदंड. परदेशातल्या सेमिनरीत शिकणाऱ्याला पैसे पाठवणं हाही गुन्हा.

या आसऱ्याच्या कलमाखाली जे झालं त्यातली एकच गोष्ट सांगते. यॉर्क शहरात मार्गारेट क्लिदरो नावाची बाई होती, खाटकाची बायको. नवरा जॉन नियमाने चर्चला जायचा आणि बायको जात नाही म्हणून तिचे दंड भरायचा. तिने मुलांसाठी घरात कॅथलिक शिक्षक ठेवला होता आणि पाद्र्यांना लपवायची. मार्च १५८६ मध्ये घरावर धाड पडली, एका घाबरलेल्या पोराने लपायची जागा दाखवली, मिस्साचं सामान सापडलं. कोर्टात तिने दोषी की निर्दोष याचं उत्तरच द्यायला नकार दिला. तेव्हाच्या कायद्यात आरोपीने हे उत्तर दिल्याशिवाय खटला पुढे जायचा नाही, आणि खटला चालला असता तर तिच्या मुलांना आईविरुद्ध साक्ष द्यायला उभं केलं असतं. उत्तर न देणाऱ्याला शिक्षा ठरलेली होती. २५ मार्च १५८६ ला तिला जमिनीवर झोपवलं, पाठीखाली टोकदार दगड, अंगावर दार ठेवलं आणि दारावर वजनं रचत गेले. पंधरा मिनिटांत ती गेली. बारा पेन्सांच्या हजेरीपासून सुरू झालेला रस्ता सत्तावीस वर्षांत इथे येऊन पोचला होता.

सरकारची बाजू पण सांगायला पाहिजे, नाहीतर चित्र अर्धवट राहील. राणीचा मुख्य मंत्री लॉर्ड बर्ली सतत म्हणायचा की आम्ही कुणालाही धर्मासाठी मारत नाही, राजद्रोहासाठी मारतो. त्याला भीती वाटायची कारणं होती. स्कॉटलंडची कॅथलिक राणी मेरी (आधीची मेरी नव्हे, ही दुसरी) कैदेत होती आणि तिला गादीवर बसवायचे कट एकामागून एक उघड होत होते, शेजारी नेदरलँड्समध्ये प्रोटेस्टंटांचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज १५८४ मध्ये गोळी घालून मारला गेला होता, आणि १५८८ मध्ये तर स्पेनचं आरमार खरंच इंग्लंडच्या खाडीत आलं. पकडलेल्या पाद्र्यांना एक प्रश्न विचारायचे, पोपने उद्या सैन्य पाठवलं तर तू कुणाच्या बाजूने लढशील? खरं बोललं तर मरण, गप्प बसलं तरी तेच. मला या प्रश्नात सगळा दोष दिसतो. आधी फक्त हजेरी मागणारं, मनात डोकावणार नाही म्हणणारं राज्य वीस वर्षांत माणसाच्या मनात अजून न घडलेल्या गोष्टीसाठी त्याला फासावर चढवायला लागलं. भीती खरी असेल, पण जे हजारो लोक फक्त आजीने शिकवलेली प्रार्थना म्हणत होते त्यांचा आणि कटवाल्यांचा फरक करायची कायद्यात काही सोयच ठेवली नव्हती. एलिझाबेथच्या राज्यात दीडशेहून जास्त कॅथलिक मारले गेले, त्यातले बहुतेक पाद्री.

आणि हे फक्त कॅथलिकांपुरतं नव्हतं, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. एकसारखेपणाचा कायदा म्हणजे उजवीकडचा आणि डावीकडचा दोन्ही कापणार. ज्यांना वाटायचं की हे चर्च पुरेसं प्रोटेस्टंटच नाही, अजून पोपचा वास येतो, त्या प्युरिटन पाद्र्यांना १५६६ मध्ये ठरलेला पांढरा झगा घालायला नकार दिला म्हणून लंडनमध्ये निलंबित केलं. ग्रिंडल तर स्वतः आर्चबिशप, पाद्र्यांच्या अभ्याससभा बंद करायला त्याने नकार दिला म्हणून राणीने त्यालाच १५७७ मध्ये घरी बसवलं. आणि १५९३ मध्ये दोन कायदे एकदम आले. एक कॅथलिकांसाठी, घरापासून पाच मैलांच्या पलीकडे परवान्याशिवाय जायचं नाही. दुसरा त्या प्रोटेस्टंटांसाठी जे सरकारी चर्च सोडून स्वतःच्या वेगळ्या सभा भरवायचे, आधी तुरुंग, तीन महिन्यांत ऐकलं नाही तर देश सोडायचा, परत आलात तर फाशी. हेन्री बॅरो आणि जॉन ग्रीनवुड यांना त्याच वर्षी ६ एप्रिलला फाशी दिली, जॉन पेन्रीला मे मध्ये. त्यांच्यासारख्याच मताचे लोक मग हॉलंडला गेले आणि त्यांच्यातले काही १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजाने अमेरिकेला.

आता परत आपल्या माणसाकडे. टॉमस स्टीफन्सचा जन्म १५४९ च्या आसपास, विल्टशरमधल्या बुश्टनचा, वडील लंडनचे व्यापारी. दरबारी घराण्यातला टॉमस पाउंड हा त्याचा मित्र. दोघांनी मिळून रोमला पळून जायचं आणि जेझुइट व्हायचं ठरवलं, स्टीफन्स पाउंडचा नोकर बनून त्याच्याबरोबर फिरायचा. निघायच्या आधीच पाउंड पकडला गेला. पुढची जवळजवळ तीस वर्षं तो या तुरुंगातून त्या तुरुंगात फिरत राहिला. स्टीफन्स एकटा निघाला, १५७५ मध्ये रोमला संघात दाखल झाला, तिथे पाउंडसाठी रदबदली केली आणि पाउंडला तुरुंगातच संघात घेतलं गेलं. मग एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून जहाजात बसून २४ ऑक्टोबरला तो गोव्याला उतरला. त्याने लगेच वडिलांना लंडनला सविस्तर पत्र लिहिलं, वारे, प्रवाह, मासे, पक्षी, सगळं. ते पत्र इंग्लंडमध्ये छापलं गेलं आणि पूर्वेच्या व्यापाराची स्वप्नं बघणाऱ्यांनी ते आवडीने वाचलं.

गोव्याबद्दल मात्र गप्प बसून चालणार नाही. तो ज्या गोव्यात उतरला तिथे १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी चर्चचं न्यायालय, होतं. साष्टीतली देवळं त्याच्या येण्याआधी बारा वर्षं पाडली गेली होती, लोकांना धर्म बदल किंवा गाव सोड हे दोनच पर्याय होते, कित्येकांनी देव उचलून नदीपलीकडे नेले, आजही तिकडची कितीतरी घराणी मूळ देवस्थान साष्टीतलं असल्याचं सांगतात. म्हणजे एका राज्याच्या सक्तीतून सुटलेला माणूस दुसऱ्या राज्याच्या सक्तीच्या सावलीत पाद्री म्हणून काम करत होता, इथे सत्ता त्याच्या बाजूची होती एवढाच फरक. मला क्रिस्तपुराण आवडतं, त्या ओव्या मनापासून आवडतात, आणि ते ज्यांच्यासाठी लिहिलं त्या नव्या ख्रिस्ती लोकांकडून आधीची पुराणं काढून घेतली होती म्हणून तर ते लिहावं लागलं, हेही मला विसरता येत नाही. दोन्ही एकाच वेळी मनात राहतं.

शेवटी एक प्रसंग. १५८३ मध्ये जॉन न्यूबेरी, राल्फ फिच आणि त्यांचे दोन साथीदार असे चार इंग्रज होर्मुझला पोर्तुगीजांच्या तावडीत सापडले आणि कैदी म्हणून गोव्याला आणले गेले. त्यांच्याकडे अकबर बादशहाच्या नावे एलिझाबेथ राणीचं पत्र होतं. गोव्यात त्यांच्या ओळखीचं कुणी नव्हतं. त्यांच्या मदतीला धावला तो त्यांच्याच भाषेत बोलणारा जेझुइट पाद्री, फादर स्टीफन्स, ज्या राणीच्या कायद्यांमुळे तो देशोधडीला लागला तिच्याच माणसांसाठी त्याने जामीन मिळवून दिला. १५८४ च्या एप्रिलमध्ये त्यांच्यातले तिघे गोव्यातून निसटले. पुढच्याच वर्षी लंडनला चाळीस दिवसांचा तो कायदा झाला, आणि त्या दिवसापासून स्टीफन्स नुसता इंग्लंडच्या बंदरावर उतरला असता तरी राजद्रोही ठरला असता. फिच हिंदुस्थान, ब्रह्मदेश, मलाक्का फिरून १५९१ मध्ये लंडनला आपल्या घरी पोचला. स्टीफन्सचं पुराण १६१६ मध्ये साष्टीतल्या रायतूरला छापून झालं, आणि तीन वर्षांनी, १६१९ मध्ये, तो गोव्यातच वारला.